कार्ड नसलेल्या एकोणीस गोष्टी

तिला सगळे कार्डबाई म्हणत. ग्रंथालयात एकतीस वर्षं तिने एकच काम केलं: आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं कार्ड लिहायचं आणि लाकडी खणात लावायचं. कार्ड नसलेलं पुस्तक म्हणजे मेलेलं पुस्तक, असं ती नव्या लोकांना दरडावून सांगे. पुढे खण गेले, कॉम्प्युटर आले, ती निवृत्त झाली. पण घरी स्वस्थ बसेल ती कार्डबाई कसली! मंगळवारी आणि शुक्रवारी ती वाचनकक्षातल्या कोपऱ्यातलं टेबल अडवून बसू लागली. इंटरनेटवर लिहिणारे पण कुणालाच न सापडणारे लोक तिच्याकडे यायचे. काम फुकट, वर बोलणीही फुकट.

तिचं म्हणणं साधं होतं. वाचक काही पुस्तकाचं नाव पाठ करून येत नाही. "ते नाही का, ज्यात बाई एकटी विहीर खणते, ते द्या," असं म्हणत येतो. इंटरनेटवरही तो तसंच शोधतो. तेव्हा नाव काय हवं ते ठेवा, पण खाली एका ओळीत सरळ सांगा की आत काय आहे. यावर एक कवी भडकले. "माझी कविता म्हणजे काय हरवलेली म्हैस आहे, वर्णन द्यायला?"

"हरवलेलीच आहे," कार्डबाई म्हणाली. "आणि म्हैस निदान हंबरते तरी."

कवींनी मुकाट्याने ओळ लिहिली. पंधरा दिवसांत त्यांना दोन अनोळखी वाचक मिळाले आणि ते भेटेल त्याला सांगत सुटले. तेव्हापासून टेबलासमोर रांग लागायची.

या सगळ्यात एकच माणूस रांगेत कधी आला नाही. तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढता काढता दाराच्या फटीतून जे बोलणं व्हायचं, त्याच्या त्याने गोष्टी लिहिल्या होत्या. एकोणीस गोष्टी. त्या इंटरनेटवर तिनेच चढवून दिल्या होत्या, टेबल सुरू व्हायच्या आधी. तीन वर्षांत तिकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

भाऊ तक्रार करणाऱ्यातला नव्हता. त्याने आपल्यापुरता हिशोब लावला होता. ताईने हात लावला की सगळ्यांना वाचक मिळतात. मला मिळत नाहीत. म्हणजे खोट माझ्या लिहिण्यातच आहे. आणि एका रविवारी सकाळी भावजयीचा फोन आला.

"वन्सं, लवकर या. हे सगळं पुसून टाकायला बसलेत. वह्यासुद्धा रद्दीत काढल्यात. मी बोलले तर म्हणतात, एकदाचा मोकळा होतो."

कार्डबाई होती तशी निघाली. पायात एक चप्पल घरातली, एक बाहेरची. पोचली तर भाऊ कॉम्प्युटरसमोर, चेहरा अगदी शांत. त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली.

"थांब. पुसायच्या आधी मला एकदा बघू दे."

"बघ की. तूच तर लावल्यास."

तिने आपल्या फोनवर पहिली गोष्ट उघडली. सवयीप्रमाणे पहिली ओळ उचलायला गेली, इंटरनेटवर शोधली तर सापडते का बघावं म्हणून. ओळ उचलली जाईना. एक अक्षर हलेना. हलतंय ते अख्खं पान. तिने दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच.

फोटो! एकोणीसच्या एकोणीस गोष्टींचे तिने फोटो लावले होते. भावाचं अक्षर मोत्यासारखं, ते जगाला दिसावं, आणि कुणी गोष्ट चोरून नेऊ नये म्हणून. खिडकीशी धरून, कौतुकाने काढलेले फोटो. हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो शोधणाऱ्याला सापडत नाही, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायची. टाइप करून आणा, मग बोला, असं म्हणून परत पाठवायची. आणि घरच्या गोष्टी तीन वर्षं तशाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गप्प बसून परस्पर दुरुस्त करता आलं असतं. मोह झालाही. पण भावाचं बोट बटणावर होतं.

"अरे, खोट तुझ्यात नाही," ती म्हणाली. "माझ्यात आहे." आणि तिने सगळं सांगितलं.

भावाने बटणावरचं बोट काढलं. "म्हणजे लोक आले, त्यांनी वाचलं आणि आवडलं नाही, असं नाही?"

"आलंच नाही रे कुणी. मी दारच ठेवलं नव्हतं."

"तीन वर्षं, ताई!" तो ओरडला. उठून स्वयंपाकघरात गेला, घटाघटा पाणी प्यायला, परत आला. रागावलेला होता, पण खांदे खाली उतरले होते. "तीन वर्षं मला वाटतंय, मला लिहिता येत नाही."

रद्दीतल्या वह्या परत टेबलावर आल्या. भावजय मोठ्याने वाचायची, कार्डबाई टाइप करायची. तिसऱ्या गोष्टीला भावजय वाचता वाचता थांबली. डोळे भरून आले होते. "मला कधी दाखवलं नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू मागितलंस कधी?"

"तुम्ही द्याल म्हणून वाट बघत होते."

"दोघंही दीडशहाणे," कार्डबाई म्हणाली. "वाच पुढे."

आठवडाभर संध्याकाळी हेच चाललं. प्रत्येक गोष्टीखाली ओळ पडली. सातवीखाली तिने लिहिलं: लिफ्टमध्ये अडकून घाबरलेल्या आजींशी दुरुस्तीवाला चाळीस मिनिटं काय बोलत राहतो, त्याची गोष्ट. मग वाट बघणं. या वेळी कुणी आलं नाही तर? आता तर सांगायला फोटोचीही सबब नव्हती. जेवण जाईना तिला.

अकराव्या दिवशी सातव्या गोष्टीखाली एका अनोळखी बाईच्या चार ओळी आल्या. कार्डबाई तशीच भावाच्या घरी गेली आणि त्याच्यासमोर फोन धरला. त्याला चष्मा सापडेना.

"तूच सांग. चांगली आहे म्हणते का?"

"चांगलं-वाईट काही म्हणत नाही. तिची आई एकदा लिफ्टमध्ये अडकली होती. तेव्हापासून दोन वर्षं पाचव्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. हिने तिला तुझी गोष्ट दोनदा वाचून दाखवली. काल ती लिफ्टने खाली आली म्हणते."

"आली?"

"आली रे."

तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. कार्डबाईही रडली, अगदी मोकळी होऊन. भावजय आतून धावत आली आणि काय झालं, काय झालं म्हणत राहिली.

"पुसलं असतं गं ताई," तो म्हणाला. "त्या रविवारी मी पुसलंच असतं."