बोक्यामार्फत

मी जनावरांचा डॉक्टर आहे आणि माणसांशी माझं फारसं जमत नाही. म्हणून माणसांशी बोलायचं काम माझा कंपाउंडर करतो. मांजराला गोळी कशी द्यायची हे तो स्वतःला टॉवेलात गुंडाळून घेऊन दाखवतो. मग तोच मांजर होतो, मालकाकडून स्वतःचा जबडा उघडून घेतो, गोळी म्हणून शेंगदाणा जिभेच्या पार मागे ठेवायला लावतो, आणि मग गळा चोळून घेतो. लोक लाजतात. पण घरी गेल्यावर गोळी मांजराच्या पोटात जाते, सोफ्याखाली सापडत नाही, म्हणून मी मध्ये पडत नाही.

दारावर त्याने स्वतःच्या हाताने दोन सूचना लिहून लावल्या आहेत. पहिली: "माणसाची तापाची गोळी मांजराला देणाऱ्याने मला तोंड दाखवू नये." दुसरी: "बोका पुन्हापुन्हा वाळूत बसतो आणि लघवी होत नाही, तर आत्ता आणा. उद्या नको." या दुसऱ्या सूचनेने दहाबारा बोके तरी वाचले असतील.

असा हा माणूस दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर सासूच्या घरात राहत होता, आणि नऊ वर्षं सासूशी थेट एक शब्द बोलला नव्हता.

कारण सांगायचीही लाज वाटते. लग्न झालं त्याच आठवड्यात त्याने चार पाहुण्यांसमोर सासूबाईंना सांगितलं, की घरच्या बोक्याला दूध देऊ नका, मोठ्या मांजराला ते पचत नाही. खरंच होतं ते. सासूबाईंनी वाटी उचलली आणि बोक्याकडे बघत म्हणाल्या, "सांग बाळा तुझ्या दाजींना, तू एवढासा होतास तेव्हा हे कुठे होते?" कंपाउंडरही हट्टाचा पक्का. तोही बोक्याकडेच वळला. "तुझ्या आईला सांग, लहानपणाचं माहीत नाही, जुलाबाचं माहीत आहे."

तेव्हापासून घरात सगळं बोक्यामार्फत. त्याला नियमही होते. बोका दोघांच्या समोर हवा आणि जागा हवा. झोपलेल्या बोक्याला सांगितलेलं धरायचं नाही. बोका मध्येच उठून गेला तर वाक्य तिथेच सोडायचं. एकदा सासूबाई "सांग त्यांना, गॅसवर..." एवढंच म्हणाल्या आणि बोका खिडकीत चिमणी बघायला गेला. दोघं आपापल्या खुर्चीत बसून राहिले आणि पातेलं जळून कोळसा झालं. त्याच्या बायकोने दोघांपुढे हात टेकले होते. ती शाळेत शिकवते, आणि घरापेक्षा वर्ग शांत असतो म्हणते.

एके दिवशी ती शाळेच्या कामासाठी परगावी गेली होती. घरात हे दोघं आणि बोका. सकाळी सासूबाईंनी पाहिलं, की बोका चौथ्यांदा वाळूत बसला, कण्हला, आणि वाळू कोरडीच. जावई बाहेरच्या खोलीत चहा पीत होता, आठ पावलांवर. पण बोका आतल्या खोलीत कपाटाखाली जाऊन बसला. आता जावयाला सांगायचं तर बोका समोर हवा, आणि बोका समोर येईना. सत्तरीच्या सासूबाई जमिनीवर पालथ्या पडल्या आणि कपाटाखाली हात घालून त्याची मनधरणी करू लागल्या. "ये रे बाळा. दोन मिनिटं ये. दाजींना सांगायचंय, तुला बरं नाही." बोक्याने हात ओरबाडला.

कंपाउंडर कामाला निघाला तेव्हा त्याला दारातून सासूचे पाय दिसले. काहीतरी हरवलं असेल, असं त्याला वाटलं. बोका दिसेना, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. तो खाली आला आणि एका बाईंना अर्धा तास समजावत होता, की मांजर बोलत नाही म्हणून आपण डोळे उघडे ठेवायचे असतात.

अकराच्या सुमाराला सासूबाई दवाखान्यात आल्या. हाताला रक्त, केसांत धूळ. नऊ वर्षांत त्या कधी हा जिना उतरून इथे आल्या नव्हत्या. त्यांनी जावयाकडे पाहिलं, मग सवयीने आजूबाजूला. बाकाखाली कुणाचातरी लठ्ठ कुत्रा जीभ काढून बसला होता. त्या त्याच्यासमोर वाकल्या.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "बोका..."

कुत्रा जांभई देऊन मालकाच्या पायामागे सरकला. कंपाउंडर हातात टॉवेल घेऊन जागच्या जागी उभा. मी आतून हे पाहत होतो आणि माझं डोकं फिरलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सरळ उभ्या राहिल्या.

"तुम्ही वर चला," त्या जावयाला म्हणाल्या. "तो सकाळपासून वाळूत बसतोय आणि काही होत नाहीये."

तो तीन-तीन पायऱ्या चढत वर गेला. बोक्याला टॉवेलात बांधून घेऊन आला, तेव्हा बोक्याचं पोट दगडासारखं टणक होतं. मी भूल दिली, बारीक नळी घातली. दोनदा अडली, तिसऱ्यांदा आत गेली, आणि लालसर लघवी बाटलीत वाहू लागली. लघवी बघून इतका आनंद झालेली दोन माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

"वाचेल," मी म्हणालो. "दोनतीन दिवस इथे ठेवू. पण तुम्ही रात्रीपर्यंत थांबला असतात, तर हाती लागला नसता."

सासूबाई स्टुलावर बसल्या. मग जावयाला म्हणाल्या, "सकाळी माझे पाय दिसले होते ना तुम्हाला?"

"दिसले."

"मग विचारलं का नाही?"

"बोका नव्हता ना समोर."

"मूर्ख आहात तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी तुमच्याहून मूर्ख."

"हो, आई," कंपाउंडर म्हणाला, आणि बोक्याचं डोकं धरून तिथेच ढसाढसा रडला.