कोरडी झाडलोट

संध्याकाळचे साडेसात. बजाजनगर, भीमजयंतीचं स्टेज. दुसऱ्या कडव्याला कमलताईंना दम लागला आणि त्या खाली उतरल्या. बातमीत याची एक ओळही येत नाही. बातमीत न मावलेलं वहीत साचत जातं. कमलताईंचं माझ्याकडे बरंच साचलंय.

माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाणारा तो आवाज! मला म्हणाल्या, "भाऊ, आवाज हाय. वाराच पुरंना!"

*

ताई वाळूजच्या एका कारखान्यात झाडलोट करतात. तिथं रंगात मिसळायची अतिबारीक पावडर भरतात. आधी फरशीवर पाणी मारून झाडायचे. मग दुष्काळ पडला. शहर वाढत गेलं, नळ आठवड्यानं यायला लागला आणि हुकूम निघाला, कोरडंच झाडा!

"आत निस्तं धुकं असतंय, भाऊ. धुकं बघाया म्हैसमाळच्या डोंगरावर जायची गरजच नाय!"

*

मी त्यांना नसरीन मॅडमच्या प्रयोगशाळेत नेलं. मॅडम काचेच्या ताटलीत श्वासनळीच्या अस्तराच्या पेशी वाढवतात. महिनाभरात पेशींना बारीक केस फुटतात. ते हलतात आणि धूळ वर ढकलतात. ताईंनी भिंगातून पाहिलं. "अगं बाई, वाऱ्यावरची ज्वारीच!"

दुसऱ्या ताटलीतल्या पेशींवर मॅडमनी पहिल्या दिवसापासून तसलीच पावडर सोडली होती. तिथं केस तुरळक, बाकी सगळा चिकट कफ.

ताईंनी पुन्हा पहिल्या ताटलीत पाहिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, दुबार पेरणी व्हती का याची?"

"ताटलीतलं बघतेय मी. तुमच्या छातीतलं नाही सांगता येत, ताई. पहले वो धूल बंद करो."

*

घरी भांडी घासताना ताई गुणगुणतात. अर्ध्या ओळीला थांबतात. उरलेली लेक पुरी करते. एकदा त्या तिच्यावर खेकसल्या, "माझी हाय ती ओळ!"

*

शेवटी त्यांनी कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार दिली. मागणी एकच, झाडायच्या आधी पाणी मारा. सोबतिणी म्हणाल्या, "काम जाईल, कमल."

"जाऊ दे. एक जयंती तरी पुरी गाईन."

*

एका सकाळी आठला मी कारखान्याच्या फाटकाबाहेर चहा पीत होतो. पाण्याचे दोन टँकर आत गेले. अकराला तपासणीचे साहेब आले. फरशी आरशासारखी!

ताई झाडू घेऊन पुढं झाल्या. "सायेब, तुमी रोज येत जा. तेवढंच पाणी पडंल!"

साहेब हसले. मी तीनदा लेखी मागितल्यावर अहवाल हातात पडला. 'अचानक भेट दिली असता हवेत धूळ आढळली नाही.' तक्रार निकाली.

टँकरच्या ड्रायव्हरला मी तपासणीच्या सकाळीच विचारलं होतं, आजचं पाणी कधी सांगितलं?

"परवाच की, भाऊ!"