बिनफोडणीची ओळ

वरण-भाताचा मला आजही वैताग येतो. नव्वदच्या दशकात, सुरतेत कतारगामच्या आमच्या आठ खोल्यांच्या ओळीत, आम्ही पाच महिने तेच खाल्लं. तेही बिनफोडणीचं.

कारण माझी शेजारीण. सात खोल्या खानदेशातून कापडाच्या मागावर कामाला आलेल्यांच्या, आठवी आमची. मी मराठी शाळेत शिकवायचे. शेजारणीला मुलगा झाला आणि तिसऱ्या महिन्यात छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. दूध साकळलं असेल, शेक घे, असं आम्हीच तिला सांगत होतो. ऑपरेशन झालं, बाळाला बाटली लागली आणि दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनं सुरू झाली. मग तिला वासच सोसेना. कुठे मिरचीची फोडणी बसली की हिला उलटी. पोटात काही टिकलं नाही तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बायकांनी नळावरच ठरवून टाकलं, कोणी फोडणी द्यायची नाही. बाळ सांभाळायच्या पाळ्याही लावल्या. माझी शाळा सुटल्यावरची. बारा तास मागाच्या खडखडाटात उभं राहून आलेल्या पुरुषांच्या ताटात पिवळं पाणी पडायचं. झणझणीत तिखटावर वाढलेली खानदेशी माणसं ती, पण एकानं आवाज चढवला नाही. कुरकुर केली ती मी, शिकलेल्या बाईनं.

चौथ्या महिन्यात माझा धीर सुटला. दिवसभर शाळेत घसा फोड, घरी आलं की कडेवर दुसऱ्याचं रडकं मूल, आणि रात्री पुन्हा वरण. एका रविवारी मी खिडकी लावली, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं आणि तेलात हिंग आणि दोन मिरच्या टाकल्या. अगदी चाटूनपुसून जेवले.

भिंतीपलीकडे ती ओकायला लागली. दोन दिवस पाणीसुद्धा टिकेना. इंजेक्शन आठवडाभर लांबलं. कोणी गं केलं हे, असं बायका एकमेकींना विचारत होत्या. मीही विचारलं. त्याची लाज अजून वाटते.

शेवटच्या इंजेक्शनाला तीनेक आठवडे झाले असतील. मी बाळ परत द्यायला गेले, तर ती डोक्याला फडकं बांधून भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, माले भूक लागनी," ती म्हणाली. "वरणले फोडणी द्या ना."

"सोसेल का गं? थांब, कोणाला तरी सांगते."

"तुमीच द्या. त्या रविवारनी दिधी तशी."

मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"आख्खी ओळमा हिंग फक्त तुमनाच घर पडस," ती म्हणाली. "मी कोनले सांगं नही. तुमलेबी भूक लागस ना."

मी दार सताड उघडं टाकून फोडणी दिली. सगळी ओळ खोकत बाहेर आली. मला रडू आलं, ते मिरचीच्या धुरावर खपवलं.

तिनं अर्धी भाकरी वरणात कुस्करून खाल्ली. आम्ही सगळ्या दारात उभ्या राहून, पोटात ठरतंय का ते बघत होतो. मग तिनं उरलेली अर्धी मागितली.