ब्लाउजवालीची सायकल-पिशवी

रविवार, ६ जानेवारी २०१९. सकाळी धुके. नऊपर्यंत वीज नव्हती. निधी सायकलने नव्या रायपूरला गेली होती. हँडलला बांधलेली कापडी थैली सुटली, फोन रस्त्यावर पडला, काच फुटली. शेवंता दोन ब्लाउज देऊन गेली. निधीच्या मैत्रिणीची सायकलच्या हँडलला लावायची परदेशी पिशवी बराच वेळ उलटसुलट करून पाहत होती. जेवणात वांग्याची भाजी.

समता कॉलनीतल्या वनमालाबाईंनी त्या दिवशी डायरीत एवढंच लिहिलं. शेवंता मात्र त्या पिशवीपाशी उगाच थांबली नव्हती.

पंडरीच्या कापड बाजारात, एका घाऊक दुकानाच्या जिन्याखाली शेवंता रामटेके ब्लाउज शिवायची. नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर तिचं जग म्हणजे हा जिना आणि पायमशीन. गोंदियाहून लग्न होऊन ती आली तेव्हा रायपूर म्हणजे एक मोठं गाव होतं. मग ते राजधानी झालं, दुकानांना काचा लागल्या आणि काचांमागे तयार ब्लाउज लटकू लागले. गिऱ्हाइकं पातळ होत गेली. गोंदियाचा भाऊ दर फोनला एकच पालुपद लावायचा, "मशीन विकून टाक अन् इकडं ये. दोन घास काही जड नाही आम्हाले."

भावाला ते घास जड नव्हते, हे खरंच होतं. तिच्याच घशाखाली ते उतरले नसते. पण होळीपर्यंत नवं काम मिळालं नाही तर येईन, असं ती त्याला कबूल करून बसली होती.

म्हणून ती पिशवी हाती येताच तिनं आधी आत बोटं घातली. मग किंमत विचारली.

निधीनं सांगितली.

"अवं माय! एवढ्यात तर अख्खी सायकल येते."

"तो आप बनाओ ना, मावशी." वनमालाबाईंच्या या नातीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडात हिंदीच यायची. "हमारे ग्रुप में सबको चाहिए. बस, तीन सौ के अंदर हो."

"बनवतो न. त्याच्यात काय?"

वनमालाबाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "शेवंता, तुला सायकल चालवता येते का तरी?"

"नाही येत काकू. पण पंडरीतले सारे मास्टर मिशीवाले हायेत. बायकांचे झंपर शिवतातच न ते?"

वनमालाबाईंना हसू आवरेना. शेवंतानं निधीला विचारून घेतलं, आत काय काय ठेवता म्हणून. फोन, चाव्या, केळी, पंक्चरचं सामान, पाण्याची बाटली.

"म्हणजे माहेराले निघालेल्या पोट्टीचं गाठोडंच की."

तिनं बाहेरच्या बाजूला रिक्षाच्या सीटचं रेक्झिन लावलं, आतून पातळ फोम लावला. पिशवी बसकी होऊ नये म्हणून पाण्याचा जुना कॅन कापून त्याचं प्लास्टिक मधे घातलं. वर फोनसाठी पारदर्शक खिसा केला, मागे हँडलला बांधायचे दोन पट्टे. दिसायला अशी देखणी झाली, की शेजारचा दुकानदार म्हणाला, "दीदी, ये तो शोरूम का माल लग रहा है."

पुढच्या रविवारी निधी परत आली ती कोपर सोलून घेऊन. वाटेत एक पट्टा उसवला आणि पिशवी पुढच्या चाकावर घसरली होती. सायकलवाल्यांच्या गटाचे म्होरके श्यामकांत पत्की मागेच होते. बँकेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. ते म्हणाले, पिशवी छान आहे, पण हातपाय मोडून घ्यायला नकोत, आपण बाहेरूनच मागवू.

शेवंता पिशवीचं विचारायला आलीच होती. तिनं निधीच्या कोपराला हळद लावली. "लई लागलं का वं?" एवढंच विचारलं आणि पिशवी घेऊन ती निघून गेली.

जिन्याखाली बसून तिनं ती उजेडात धरली. रेक्झिन फाटलं नव्हतं. पट्टाही तुटला नव्हता. शिवण मात्र कडेपर्यंत अलगद उकललेली होती, जणू तिनं स्वतःच बसून उसवली असावी.

आणि तिच्या ध्यानात आलं, की उसवणारी खरंच तीच होती.

ब्लाउज शिवताना आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवावं लागतं आणि तिथली टीप लांब, सैल घालावी लागते. कारण बाई बाळंतपण करून नाही तर दिवाळीचा फराळ खाऊन येतेच, "शेवंता, जरा ढिला करून दे ना." एका झटक्यात दोरा सुटावा आणि कापडाला भोक दिसू नये, ही तिच्या हाताची ख्याती होती. समता कॉलनीतल्या बायका तेवढ्यासाठी पंडरीपर्यंत यायच्या. पिशवीचा पट्टाही तिनं त्याच हातानं शिवला होता. उद्या कोणी तो ढिला करायला आणणार असल्यासारखा.

"बयताड!" ती स्वतःलाच म्हणाली आणि हसत सुटली.

तिनं जाड सुई आणि नायलॉनचा दोरा आणला. टीप बारीक केली. पट्ट्याच्या मुळाशी चौकोन आणि चौकोनात फुली, तीही दोनदा. पायमशीन कुरकुरायला लागलं, तेव्हा चाक हातानं फिरवलं.

मग ती समता कॉलनीत निधीच्या सायकलीकडे गेली. या खेपेला तिनं निधीला हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे वळवायला लावलं. ब्रेकच्या तारा पिशवीला दाबल्या जात होत्या.

"पाहा काकू, बाईचं माप घेताना हात वर कराले लावतो मी. अन् हिचं माप घेतलं ते नुसती उभी करून!"

तारांना जागा राहावी म्हणून पिशवीच्या पाठीला तिनं फोमची गुंडाळी जोडली. पिशवी झुलू नये म्हणून तिसरा पट्टा लावला, खाली सायकलीच्या गळ्याभोवती.

"आणि पुन्हा पडली ही पोरगी म्हणजे?" वनमालाबाईंनी विचारलं.

"हिले नाही पाठवत. अन् नव्या रायपूरलेही नाही. तिथले रस्ते लोण्यावानी."

ती थेट ब्राह्मणपाऱ्यात श्यामकांतांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अहो बाई, मी नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"हव, सांगतलं होतं. पण तुम्ही चालवून कुठं पाहिली? तुमच्याच गल्ल्यांतून न्या. पाइपासाठी खोदून ठेवल्या हायेत, बऱ्या हायेत."

तिच्या हातात पिशवी होती. तीत लोखंडी कुलूप, पाण्याची भरलेली बाटली आणि वर पिकलेले टमाटर.

"टोमॅटो कशाला?"

"फुटले तर पिशवी लई हलली समजाचं. तुम्ही सांगसान तसंच खरं."

श्यामकांतांची बायको कुसुम दारातून म्हणाली, "जा की. एरवी भाजीसाठी सायकल काढायला किती आळस!" मग काय, ते निघाले.

शेवंता समोरच्या देवळाच्या पायरीवर बसून राहिली. गल्लीच्या तोंडाशी दर सायकलीला मान वर करायची, पुन्हा खाली घालायची. ही पिशवी सुटली तर भावाला फोन करायचा होता. काय बोलायचं तेही मनात जुळवून झालं, तरी श्यामकांत येईनात. पडले असतील, या विचारानं ती उठून चालायला लागली, तेवढ्यात ते घंटी वाजवत वळणावरून आले. दोन्ही हात हँडलवर, पिशवी जिथल्या तिथे.

"उशीर काहून केला जी? जीव गेला माह्यावाला!"

"अहो, दोघांनी थांबवलं. कुठून घेतली, विचारत होते. एक दूधवाला, एक शाळेतल्या मॅडम."

त्यांनी पिशवी उघडली आणि टमाटर एकेक करून कुसुमच्या हातात दिले. "एक दबलंय बरं का."

"ते पहिलेच दबेल होतं," शेवंता म्हणाली. "मीच टाकलं पाहून. खोटं बोलता का, पाहाचं होतं."

कुसुम पदर तोंडाला लावून हसली. श्यामकांतांनी पट्ट्याची मुळं बोटानं ओढून पाहिली, पुन्हा एकदा जोर लावून ओढली. मग म्हणाले, "गटातल्या सगळ्यांसाठी करा. माझी तेवढी काळी. ही रिक्षाची तपकिरी नको."

तिथूनच तिनं भावाला फोन लावला.

"दादा, होळीले येतो मी. दोन दिवस राहीन... मशीन? नाही बा, मशीनले सुट्टी नाही."

परतताना ती समता कॉलनीत डोकावली. "काकू, तुमचा निळा ब्लाउज आता लवकर होत नाही. पिशव्यांचं काम आलं."

"म्हणजे जुन्या गिऱ्हाइकानं आता रांगेत उभं राहायचं?"

"हव. पण तुमचा शिवीन तो उसवता येईन असाच."

वनमालाबाईंनी तिला चहा पाजला. संध्याकाळी त्यांनी डायरी उघडली आणि लिहिलं : शेवंताला पिशव्यांचं काम मिळालं. निळा ब्लाउज लांबला. तुरीची डाळ संपली. उद्या आणायची.