गंधाची वाटी

सारंगखेड्याच्या वाचनालयात घोड्यांच्या यात्रेच्या जुन्या फोटोंचं जाडजूड पुस्तक आहे. त्यातलं कोणी वारलं, की म्हाताऱ्या कौसाबाई येतात आणि घरच्या तसबिरीला लावावं तसं त्या चेहऱ्याला गंध लावतात. ग्रंथपाल लोटनने त्यांना कधी हटकलं नाही. एवढं कौतुक कुठल्या पुस्तकाच्या नशिबी येतं?

आज त्याने पान उघडलं, तर घोड्याचा लगाम धरून उभ्या असलेल्या त्याच्याच कपाळावर ओलं गंध. तो समोर बसलेल्या कौसाबाईंकडे वळला.

"कौसामाय, मी तं जिता शे."

"माले ठाऊक शे, भाऊ. मन्हा मांगे गंध कोन लाई? म्हनीसन समदासले लाई दिधं."

फोटोतल्या त्या सगळ्या गर्दीत एकच कपाळ कोरं होतं, कौसाबाईंचं. त्यांनी वाटी लोटनपुढे सरकवली.