आमच्या नाण्यावरचं शेकरू

एप्रिलमध्ये आमच्या कांदिवलीच्या सोसायटीची टेरेसवर मीटिंग होती. विषय होता पाण्याची टाकी... पण टाकी राहिली बाजूला आणि सगळे नाण्यावर घसरले.

महाराष्ट्र दिनी सोसायटीला पंचवीस वर्षं होणार होती. त्यानिमित्त प्रत्येक घराला एक चांदीचं नाणं द्यायचं ठरलं होतं. एका बाजूला बिल्डिंगचं नाव, दुसऱ्या बाजूला आपल्या महाराष्ट्राची काहीतरी खूण.

आता खूण म्हटल्यावर प्रत्येकाचा महाराष्ट्र वेगळा निघाला... किल्ला टाकायचा तर कुठला, यावरून दोघांची जुंपली. नाशिकवाल्यांना द्राक्षाचा घड हवा होता. कोल्हापूरच्या काकूंनी चप्पल सुचवली आणि लोक हसले म्हणून त्या खरंच रुसल्या.

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, कलश टाकू, लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवता येईल. झालं... सगळ्यांच्या माना हलल्या.

माझी नाही हलली. आम्ही बौद्ध, माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं. आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं, कलश मांडत नाहीत. म्हणजे सगळ्या घरांसाठी केलेलं नाणं आमच्याकडे येऊन कपाटात पडणार होतं.

एरवी अशा वेळी मी गप्प बसते. कोण वाद घालणार, रोज लिफ्टमध्ये हीच तोंडं बघायची असतात... पण त्या दिवशी आत काहीतरी टोचलं. महाराष्ट्राच्या नावाचं नाणं आणि त्यात मी पाहुणी? नाही पटलं.

"शेकरू टाकूया का?" मी म्हणाले. "आपला राज्यप्राणी आहे."

आधी कोणाला कळेचना. मग कोणीतरी विचारलं, ती मोठी खार ना? आणि आमच्या मजल्यावरचे तात्या उसळले. तात्या मालवणचे, पूर्वी गिरणीत होते, गावी अजून माडांची बाग आहे.

"शेकरो? तो मेलो आमचे नारळ फोडून खाता."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसताच सांगून टाकलं, "तात्या, कलशाचं नाणं माझ्या घरी कपाटातच राहील हो. मला ते बाहेर ठेवायचंय."

म्हटलं, वाट लागली...

तात्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मगे ह्या आधी सांगूक काय झाला होता तुका?" मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, "शेकरोच घाला. नारळ खाता, पण आपलोच हा."

सगळ्यांना आवडलं असं नाही हं. पूजेत खार कशी ठेवायची, म्हणून दोघीतिघी जिना उतरेपर्यंत कुरकुरत होत्या. पण नाणं शेकरूचंच झालं... झुपकेदार शेपटी, एकदम झकास. आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये अगदी पुढे ठेवलंय.

आणि परवा दिवाळीत तात्यांकडे फराळाला गेले, तर पाटावर लक्ष्मीच्या फोटोपुढे तेच नाणं. शेकरूला हळदकुंकू लावलेलं, शेजारी झेंडूचं फूल... मी बघतेय हे तात्यांनी पाहिलं. करंज्यांची बशी तेवढी पुढे केली.

राज्याचा अभिमान वगैरे मोठे शब्द मला फारसे जमत नाहीत. पण तेच नाणं त्यांच्या पाटावरही शोभतं आणि माझ्या शोकेसमध्येही, हे बघून फार बरं वाटलं... थँक्यू, तात्या.