कातरलेल्या शेळ्यांवर बर्फ

तलालीला घाई नडली, असं आता कुणीही म्हणेल. पण पीचची झाडं गुलाबी झाली की बर्फ संपला, हे लेसोथोच्या डोंगरात शेंबडं पोरही सांगतं. तलालीने तेवढंच मानलं. दरसाल आपल्या लोकरीच्या अंगोरा शेळ्या सगळ्यांच्या आधी कातरायच्या आणि मग ब्लँकेट खांद्यावर टाकून दुसऱ्यांच्या शेळ्यांना नावं ठेवत गावभर हिंडायचं, ही त्याची खोड. माणूस वाईट नव्हता हो. बाप खाणीत गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून शेळ्यांच्या जोरावर त्याने धाकटी भावंडं वाढवली होती.

यंदा कातरणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी वारा पडला, आभाळ खाली आलं. मग बर्फ उतरू लागला, पण कसला! तळहाताएवढे ओले पुंजके, सावकाश, गिरक्या घेत. थंडीत केस पिकलेले म्हातारेही दारात येऊन बघत राहिले. पोरं टोप्या उलट्या धरून झेलत होती. तलालीलाही घटकाभर कौतुक वाटलं. मग एक पुंजका शेळीच्या उघड्या पाठीवर पडून वितळला आणि तलाली गोठ्याकडे धावला. कोरडा बर्फ अंग झटकलं की जातो. हा पाणी होऊन कातडीत मुरत होता, आणि शेळ्या बहुतेक गाभण.

तो आणि त्याची बायको मामोलिबेली शेळ्या उचलून घरात नेऊ लागले. चुलीत गोवऱ्या पेटवल्या. पण घर गोल, एवढंसं; निम्म्यातच भरलं. शेजारच्या सेकेटेने काही आपल्याकडे नेल्या. उरलेल्यांवर घरातली ब्लँकेटं टाकली, पोती टाकली, तीही भिजून जड झाली. दगडी गोठ्यात शेळ्या उबेसाठी एकमेकींवर चढत होत्या आणि खालच्या गुदमरत होत्या. तलाली एकीला ओढून काढी, तोवर दुसरी तिच्या जागी दबलेली असे.

"न्ताते," मामोलिबेली नवऱ्याला मानाने हाक मारत म्हणाली, "दारात अजून दोघी-तिघी मावतील. कोणत्या त्या तुम्ही सांगा."

"कसं सांगू? सगळ्या माझ्याकडेच बघतायत."

शेवटी तिनेच हाताला लागतील त्या उचलल्या. तलाली बर्फात तसाच उभा राहिला. त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. बर्फ दुपारपर्यंत टिकलासुद्धा नाही. गोठ्यातली एकही वाचली नव्हती.

जनावर मेलं की मांस एकट्या मालकाचं नसतं. बायका पातेली घेऊन आल्या, हळहळल्या, रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचं तरी काय चुकलं? पोरांच्या तोंडाला कित्येक दिवसांत मटण लागलं नव्हतं. तलालीचे हात सुरीला लागेनात, म्हणून सेकेटेनेच शेळ्या सोलल्या. निखाऱ्यावर कलेजी भाजून त्याने पहिला तुकडा तलालीपुढे धरला.

"खा, न्ताते. तुम्ही खाल्ल्याशिवाय कुणाला घास घेता यायचा नाही."

सगळे वाट बघत होते. तलालीने तुकडा तोंडात घातला. कलेजी मऊ होती, मीठ बेताचं लागलं होतं. कालपासून तो उपाशीच होता. त्याच्या हाताने आपसूक दुसरा तुकडा उचलला, तेव्हा मात्र त्याला रडू आवरेना.